तयार बातमी

सकाळी सव्वादहाच्या सुमारास गावाच्या विहिरीची पश्चिमेकडची कड खचली आणि तळाशी काम करणारे तिघे मातीखाली गेले.

आवाज फार मोठा झाला नाही. ट्रकमधून वाळू ओतावी तसा झाला, असे यारी चालवणाऱ्याने नंतर सांगितले. माती वर खेचायचा लोखंडी डबा त्याने नुकताच खाली सोडला होता. दोर एकदम ताणला गेला, मग सैल पडला. त्याने यारीचे इंजिन बंद केले आणि काठावर पालथा पडून खाली पाहिले. सकाळपासून जिथे तीन डोकी हलताना दिसत होती तिथे लाल माती होती आणि तिच्यातून अजून धूळ उठत होती. पंपाचा लोखंडी पाइप तेवढा मातीतून सरळ काठापर्यंत वर आलेला होता.

आत होते ते असे : एक ड्रिल चालवणारा, एक माती भरणारा, आणि तिसरा पेपरवाल्याचा मेहुणा. मेहुणा फार उंच आणि बारीक होता. कामावरची माणसे त्याला खांब म्हणत.

दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरीत बादली बुडेना, तेव्हा ती आणखी खोल न्यायचे ठरले. टोळीच्या मुकादमाने आधी कड बांधून मागितली होती. पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले होते, "आधी पाणी दाखव, मग कड." मुकादमाने पाणी दाखवायला माणसे उतरवली.

पेपरवाल्याला फोन आला तेव्हा तो अंगणात मोटारसायकलची चेन घट्ट करत होता. सकाळी गठ्ठा सोडून गावात पेपर टाकायचे आणि उरलेल्या दिवसात त्याच पेपरला बातम्या पाठवायच्या, हे काम आधी त्याच्या बापाने केले होते, आता तो करत होता. त्या पहाटे गठ्ठा उतरवताना गाडीवाला म्हणाला होता, "पुढच्या महिन्यापासून मी काही यायचा नाही बरं का. तुमच्याकडे आता नुसतं मोबाइलवर." पेपर टाकायचे काम संपलेच होते. बातम्यांचेही काही खरे नव्हते. या भागातल्या वार्ताहरांपैकी एकच ठेवायचा, असे ऑफिसने तोंडी कळवले होते. कोणाला, ते दोन गोष्टींवर ठरणार होते : बातमी सगळ्यांत आधी कोणाची येते आणि किती जण ती उघडून बघतात.

बायको कालच्या उरलेल्या पाण्यात भांडी विसळत होती. ती म्हणाली, "कोणाचा फोन?"

"विहीर खचलीय."

तिने पातेले खाली ठेवले. "धाकटा खाली होता?"

"वरच असेल. मी बघतो."

"वर कसा असेल? काल म्हणाला ना, मला तळाला घेतलंय म्हणून. उंच आहे, डबा वरून धरता येतो."

"तू थांब घरी."

"मी कशाला थांबू?" ती ओल्या हातांनीच मागे बसली. तेल लागलेल्या चेनने आवाज केला नाही. ओसरीवरून त्याच्या म्हाताऱ्या बापाने विचारले, "काय झालं रे?" त्याला उत्तर द्यायला कोणी थांबले नाही.

खांब आधी शहरात होता. ज्या छापखान्यातून पेपर येई तिथेच गठ्ठे बांधायच्या कामावर. खप घसरला, पाने कमी झाली, मग पाळी बंद झाली आणि तो पत्र्याची पेटी घेऊन बहिणीकडे आला. "याचं काहीतरी बघा," असे बायको रोज म्हणायची. पेपरवाल्याने मुकादमाकडे शब्द टाकला. मुकादमाने खांबाला नखशिखान्त पाहिले आणि म्हणाला, "हा तर खालूनच वर बघेल, शिडी नको याला." सगळे हसले. खांबही हसला.

विहिरीवर माणसे जमली होती. मुकादम काठावर गुडघे टेकून बसला होता. त्याने घणाने पाइपवर तीन ठोके दिले, कान लावला, आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केले.

"आहे," तो म्हणाला. "कोणीतरी आहे. ठोकतंय."

"किती जण?" पेपरवाल्याने विचारले.

"ठोक्यांवरून काय कळतं, किती ते?"

ड्रिलसाठी आणलेला कॉम्प्रेसर बाजूला उभा होता. मुकादमाने त्याची रबरी नळी ड्रिलपासून सोडवली, पाइपच्या तोंडात खुपसली आणि भोवती स्वतःचा सदरा गुंडाळून घट्ट बांधला. पाइप खालून उघडा होता. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि हवा खाली जाऊ लागली. मुकादम उघड्या अंगाने काठावर फिरत माणसांना कामाला लावू लागला : पूर्वेच्या पायऱ्यांवरून उतरायचे, फावडे जपून चालवायचे, माती पाट्यांनी वर द्यायची. मोठी यंत्रे आणायची नाहीत. "उरलेली कड श्वासावर उभी आहे," तो म्हणाला. "काठावर वजन आलं की तीपण जाईल."

पाणीपुरवठ्याचे साहेब आले तेव्हा त्यांच्या मागोमाग पोकलेनही आले होते आणि रस्त्याच्या कडेला थांबले होते. कॉम्प्रेसर थांबवून मुकादमाने पुन्हा ठोके दिले. साहेबांनी रुमाल पसरला, त्यावर गुडघा टेकला आणि पाइपला कान लावला.

"मला तर काही ऐकू येत नाही."

"आता थांबला असेल. दमला असेल."

"मघाशी तू इंजिनाचा आवाज ऐकला असशील." साहेबांनी रुमाल झटकला. पण हाताने काम चालू द्या, असे ते म्हणाले. पोकलेनवाला यंत्राच्या सावलीत आडवा झाला.

पहिली बातमी पेपरवाल्याने काठावर उभ्याउभ्याच पाठवली. विहीर खचली, तीन कामगार अडकले, बचावकार्य सुरू. बरोबर फोटो. फोनच्या काचेवर तेलाचा अंगठा उमटला. तो पुसेपर्यंत शहरातल्या ऑफिसातून डेस्कवाल्याचा फोन आला. वार्ताहरांच्या बातम्या तपासून पुढे सोडणे हे त्याचे काम. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते.

"पोचली. आपलीच पहिली. शाब्बास. पण आत आहेत कोण?"

"एक माझा मेहुणा आहे."

"सख्खा?"

"बायकोचा भाऊ."

"अरेरे. म्हणजे फोटो असेल तुझ्याकडे."

"असेल."

"हे बघ, दोन्ही तयार करून ठेव. नेहमीसारखं. मी आज एकटा आहे इथे, ऐन वेळी मला काही जमायचं नाही. सुटले तर एक सोडतो, नाहीतर दुसरी."

ही पद्धत अलीकडची होती. मतमोजणी असो, कोर्टाचा निकाल असो, दवाखान्यात अत्यवस्थ असलेला पुढारी असो, दोन्ही बातम्या आधी लिहून ऑफिसकडे द्यायच्या. काय झाले ते कळले की डेस्कवाला एक बटण दाबतो. इतरांच्या पुढे चार-पाच मिनिटे मिळतात. पेपरवाल्याने अशा पुष्कळ लिहिल्या होत्या. त्याचा हात बसला होता.

तो झाडाखाली जाऊन बसला. सुटकेची बातमी चार ओळींत संपली. वाचलेल्या माणसाबद्दल लिहायला फारसे काही नसते. दुसरीला सगळे लागते : वय, शिक्षण, घरी कोण, स्वभाव. त्याने फोनमधले जुने फोटो उलगडले. बहिणीशेजारी उभा असलेला खांब सापडला. कडेने कापून त्याने फोटो एकट्याचा केला, पण कोपऱ्यात कोणाचा तरी खांदा राहिला. तो त्याचा स्वतःचाच खांदा होता. आणखी कापला असता तर खांबाचा कान गेला असता. त्याने तसाच ठेवला.

बायको बाकीच्या बायकांबरोबर पाट्यांच्या रांगेत उभी होती. मातीची पाटी एकीकडून घ्यायची, दुसरीकडे द्यायची. तो रांगेपाशी गेला.

"धाकट्याचं वय किती गं?"

"कशाला?"

"लागतं."

तिला वाटले, साहेबांना लागते, दवाखान्याला लागते. "अठ्ठावीस. अठ्ठाविसावं चालू आहे. दवाखान्यात आमच्या आईचं नाव पण सांगा. आणि त्याला धुळीनं खोकला होतो तेही सांगून ठेवा." बोलताना तिने पाटी थांबवली नाही.

"बरं," तो म्हणाला. झाडाखाली जाऊन त्याने अठ्ठावीस लिहिले. पश्चात आई आणि बहीण असा परिवार आहे, असे लिहिले. मेहुण्याचा उल्लेख केला नाही. बातमीत वार्ताहराने स्वतः येऊ नये, हे बापाने शिकवले होते. वाचून पाहिली. एक शब्द दोनदा आला होता, तो बदलला. मग दोन्ही बातम्या पाठवल्या.

दुपारी ऊन डोक्यावर आले. पायऱ्यांवरून उतरलेली माणसे पुरुषभर खाली गेली होती. फावड्याला मोठा दगड लागला की खालून ओरडा होई आणि रांग थांबे. बायकोच्या तळहाताला फोड आला आणि फुटला. मुकादम मधूनमधून कॉम्प्रेसर थांबवून ठोके देत होता. "आलं?" असे कोणी विचारले की तो नुसता पाइपकडे बघे. बारानंतर त्याने 'आहे' म्हणायचे सोडले होते, पण कॉम्प्रेसर बंद करू देत नव्हता.

तोवर चॅनेलवालाही आला होता. हा आधी गावात मोबाइल दुरुस्त करायचा. आता हातात स्पंजाचा गोळा लावलेला माइक घेऊन फोनवर स्वतःचे चॅनेल चालवत होता. त्याने काठावर उभे राहून गंभीर चेहऱ्याने काहीतरी सांगितले, मग चेहरा मोकळा केला आणि पेपरवाल्याजवळ आला.

"काका, तुमचा माणूस आहे म्हणे आत."

"हो."

"वाईट झालं. ताईंशी जरा बोलू का? दोनच मिनिटं."

"आत्ता नको."

"नंतर रडू ओसरतं हो," चॅनेलवाला समजुतीने म्हणाला.

दुपारचे पावणेदोन झाले असावेत. पाट्यांच्या रांगेत बायकोचा फोन वाजला. हात मातीचे होते म्हणून तिने खांद्याने कानाशी धरला. तिची आई होती. ती पलीकडच्या गावात एकटी राहायची.

"खरं का गं?" आईने विचारले.

"काय खरं? काढतायत त्याला, आई. हवा सोडलीय आत. संध्याकाळपर्यंत काढतील."

"फोटो आलाय गं त्याचा. शेजारणीनं दाखवला. गेला म्हणून आलंय."

बायकोने फोन ठेवला नाही, तो खांद्यावरून घसरून पाटीत पडला. शेजारच्या बाईने स्वतःचा फोन काढला, बघितला आणि पोटाशी धरला. बायकोने तिचा हात ओढून तो घेतला. विहीर दुर्घटनेत तिघांचा मृत्यू. तिघांची नावे. खाली खांब, आणि कोपऱ्यात कोणाचा तरी खांदा. त्या खांद्यावरचा सदरा तिने स्वतः टाके घालून दुरुस्त केला होता. ती हळूहळू वाचत गेली. वय अठ्ठावीस. पश्चात आई आणि बहीण असा परिवार आहे.

तिने मान वर केली आणि झाडाकडे पाहिले.

"म्हणून विचारलंत वय," ती म्हणाली. मोठ्याने नाही. पण रांग थांबली होती, त्यामुळे सगळ्यांनी ऐकले.

पेपरवाल्याने फोन उघडला तेव्हा बातमी लागून दहा मिनिटे झाली होती. त्याने डेस्कवाल्याला लावला. एकदा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा उचलला.

"ती कशाला सोडली? अजून काही कळलेलं नाही!"

"अरे, चॅनेलवाल्यांनी लावली ना मृत्यूची! तुझ्याच गावचं कोणीतरी आहे. मी वाट बघत बसू?"

"चूक आहे. मागे घे."

"मागे घ्यायचं माझ्या हातात नाही. वरिष्ठांना विचारावं लागतं, ते मीटिंगमध्ये आहेत. आणि ऐक, किती चालतेय माहितीये? आपल्या पानावर सगळ्यांत वर आहे. तुझं नाव वर गेलंय."

"माझा मेहुणा आहे तो. जिवंत असेल."

"असू दे ना. देव करो आणि असो. मग आपण ती दुसरी सोडू. ती तर आणखी चालेल."

पेपरवाला वळला तर चॅनेलवाला मागे उभा होता. "मी तर नुसती भीती व्यक्त केली होती, काका," तो म्हणाला. "तिघांच्या मृत्यूची भीती, असं. पक्कं तुम्ही केलंत. मग मीपण पक्कं करून टाकलं. घरचाच माणूस म्हणतोय म्हटल्यावर..." त्याच्या आवाजात आदर होता. "मानलं तुम्हाला. आमच्याच्यानं नसतं झालं."

तिकडे साहेब गाडीजवळ फोनवर बोलत होते. "हो सर... हो, तिघेही... नाही, पेपरच्या माणसानंच दिलंय, त्याचा नातेवाईकच आहे आत... हो सर." फोन ठेवून त्यांनी मुकादमाला हाक मारली. "कॉम्प्रेसर बंद कर. डिझेल जाळू नकोस उगीच. माणसं वर घे सगळी, आणखी कोणी दबायला नको. पोकलेन येऊ दे."

"साहेब, पोकलेन काठाशी आलं तर कड राहायची नाही."

"आता कडेचं काय करायचंय? बाहेर तर काढावं लागेल ना. उन्हाचे दिवस आहेत."

"पण गेले हे कोणी बघितलं?"

साहेबांनी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "हे बघ. घरच्या माणसानं दिलंय. सख्खा मेहुणा. तो खोटं देईल?"

मुकादमाने फोनकडे बघितले. त्याला वाचता येत होते. मग त्याने पेपरवाल्याकडे बघितले. पाच मिनिटांनी कॉम्प्रेसर थांबला. सकाळपासून त्या आवाजाची सवय झालेली होती. तो थांबल्यावर लोकांना एकमेकांची कुजबूज ऐकू येऊ लागली.

पेपरवाला साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, ती तयार बातमी होती."

"म्हणजे?"

"आधी लिहून ठेवतात. लागली तर असावी म्हणून. ऑफिसनं चुकून सोडली. मला काही माहीत नाही ते गेलेत की..."

"आधी लिहून ठेवतात?" साहेबांनी त्याला नीट न्याहाळले. "मेहुणा मेल्याची बातमी तू तो मरायच्या आधी लिहिलीस?"

पेपरवाल्याने मान डोलावली.

"मी वर कळवलंय. वरून शोक जाहीर झालाय. मदत जाहीर झालीय. आता मी काय सांगू त्यांना, थांबा, परत जिवंत झाले?" साहेबांचा आवाज चढला नाही. "आणि तुझ्याच पेपरात आलंय. उद्या तुझाच पेपर लिहील, मयत झाल्यावरही हातानं माती उपसत बसले म्हणून. जा, बायकोजवळ बस."

तो बायकोकडे गेला नाही. ती बायकांच्या घोळक्यात बसली होती. एक जण तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, दुसरी पाणी पी म्हणत होती. "अहो, काढतील ना त्याला," असे ती त्यांना समजावत होती आणि त्या माना हलवत होत्या, लहान मुलाशी बोलताना हलवतात तशा. चॅनेलवाल्याने माइक पुढे केला. "ताई, भावाशी शेवटचं काय बोलणं झालं?"

तिने माइककडे पाहिले. "जेवणाचा डबा गळतो म्हणाला. झाकण बदल म्हणाला."

"आणखी काही? काही स्वप्नं वगैरे होती त्यांची?"

"बदललं नाही मी झाकण," ती म्हणाली.

चॅनेलवाल्याने ते दोनदा बोलून घेतले. पहिल्यांदा वारा आला होता.

म्हातारा काठी टेकत उशिरा पोचला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती. गावातून येताना त्याला तिघांनी थांबवून वाईट झाले म्हणून सांगितले होते. तो मुलाशेजारी झाडाखाली बसला.

"तूच दिलीस?"

"तयार ठेवली होती. त्यांनी सोडली."

म्हाताऱ्याने बाटलीचे बूच उघडले, घोट घेतला, पुन्हा लावले. "मी पाकीट लिहून बसच्या कंडक्टरकडे द्यायचो. बातमी यायची तिसऱ्या दिवशी. लोक हसायचे मला, शिळा बातमीदार म्हणायचे. पण तोवर मेलेला मेलेला असायचा आणि जगलेला जगलेला."

"बाबा, आत्ता नको."

"बरं. आत्ता नको." थोड्या वेळाने तो म्हणाला, "सुनेला पाणी दे. मी दिलं तर ती घ्यायची नाही." मुलगा उठला नाही. बाटली दोघांच्या मध्ये उभी राहिली.

पोकलेन तीनच्या सुमारास काठाशी आले. चालवणारा झोपेतून उठला होता, डोळे लाल होते. मुकादम त्याच्यापुढे आडवा उभा राहिला आणि मग आपणहून बाजूला झाला. लोखंडी हात विहिरीत उतरला, माती उचलून बाहेर टाकू लागला. माणसांनी सकाळपासून जेवढी काढली होती तेवढी त्याने बघता बघता काढली. लोक म्हणाले, हे आधीच करायला हवे होते. मग दक्षिणेकडची कड सुटली. यंत्र मागे आले, थांबले, पुन्हा पुढे गेले. दुसऱ्यांदा हात खाली जाताना त्याचा दात पाइपला लागला आणि पाइप एका अंगाला वाकला. मुकादमाचा सदरा अजून त्याच्या तोंडाशी बांधलेला होता.

पहिला माणूस ऊन उतरल्यावर सापडला. तो ड्रिलवाला होता. तो पाइपजवळच्या कपारीत बसलेला होता. डोक्यावर एक मोठा दगड अडकून राहिला होता आणि त्याखाली माणूस बसेल एवढी पोकळी होती. नंतर सुटलेल्या कडेची ओली माती त्याच्या छातीपर्यंत आलेली होती. मुठीत एक खडा होता. जवळच्या दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरीणबाई चिखलात गुडघ्यावर बसल्या. त्यांनी मान पाहिली, डोळे पाहिले, मग त्याचा हात कोपरात वाकवला आणि सोडला. तो सहज वाकला.

"अंग गरम आहे," त्या म्हणाल्या. "हा सकाळी गेलेला नाही. तास-दीड तास झाला असेल."

साहेब खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, वेळ मोकळी सोडा. उद्या शवविच्छेदनात येईल ते येईल."

"मी दिसतंय ते सांगते."

"दिसतंय ते तुम्ही बघितलंत, झालं. सगळ्यांनी ऐकायची गरज नाही."

ड्रिलवाल्याचे तिथे कोणी नव्हते. त्याची माणसे दूर होती. मुकादमाने त्याची मूठ उघडून खडा काढला, त्याकडे बघितले आणि तो पुन्हा त्याच्या हातात ठेवला. मग पोकलेनवाल्याकडे जाऊन किल्ली मागितली. पोकलेनवाल्याने साहेबांकडे पाहिले. साहेब फोनवर होते. त्याने किल्ली दिली.

बायको बायकांमधून उठली होती. तिला कोणी अडवले नाही. ती वाकलेल्या पाइपपाशी गेली, सदऱ्याची गाठ सोडली, दगड उचलला आणि पाइपवर तीन ठोके दिले. कान लावला. परत दिले.

पेपरवाल्याने बातमी लिहिली. एकाचा मृतदेह सापडला. दोघे अद्याप अडकलेले. मृत्यूच्या वेळेबाबत डॉक्टरांचे म्हणणे वेगळे. त्याने ती पाठवली. फोन लगेच आला.

"दोघे अडकलेले कसे?" डेस्कवाला म्हणाला. "आपण तिघे मृत दिलेत. आता आकडा कमी करता येत नाही, लोक आपल्याला शिव्या घालतील. 'एकाचा मृतदेह हाती, दोघांचा शोध सुरू' एवढं करतो. डॉक्टरचं काढून टाकतो. चालेल ना?"

पेपरवाला विहिरीकडे बघत होता.

"हॅलो? आणि वरिष्ठ मीटिंगमधून बाहेर आले. तुझं नाव विचारत होते. राहिलास तू, असं धर. हॅलो? बहिणीचा एखादा फोटो पाठव, पाइपजवळचा. चॅनेलवर दिसतोय."

त्याने 'बरं' म्हटले की नाही हे जवळच्या म्हाताऱ्यालाही नीट ऐकू आले नाही. फोन बंद करून तो विहिरीकडे चालू लागला. फोन त्याच्या हातात होता.

उजेड कमी होत होता. पोकलेन काठापासून थोडे मागे, हात अर्धवट उचललेल्या स्थितीत उभे होते. किल्ली मुकादमाच्या मुठीत होती आणि साहेब ती मागत होते. पाइपवर शेवटचे ठोके दिल्यानंतर आपल्याला आवाज आला, असे मुकादम सांगत होता. पोकलेनवाल्याने काही ऐकले नव्हते. कॉम्प्रेसरमध्ये डिझेल होते.

"अगं," पेपरवाला तिच्या मागे येऊन म्हणाला.

बायकोने वळून पाहिले नाही. तिचा कान पाइपला होता. गप्प राहा म्हणून तिने हात वर केला, आणि तो तसाच वर धरून ठेवला.